किती वेळाने बंद पडतो?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन बाजाराच्या तोंडून काही गेले नाहीत. पुण्यात हाच बाजार बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत भरतो. रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाइल असा दुकानांतला माल बदलत गेला, तशी काउंटरमागच्या माणसांची हातोटीही बदलली. एक सवय मात्र टिकली. गिऱ्हाईक मॉनिटर काउंटरवर ठेवून म्हणतं, "दादा, हा सारखा आपोआप बंद पडतोय." मुरलेला मेकॅनिक लगेच स्क्रू ड्रायव्हरला हात घालत नाही. आधी विचारतो, "किती वेळाने?"

उत्तरं ठरलेली असतात. लावल्यावर दोन सेकंदांत. अर्ध्या तासाने, चांगला तापला की. सकाळी चार-पाचदा बंद पडतो, मग दिवसभर काही नाही. विंडोज सुरू होईपर्यंत ठीक, मग काळोख. यातल्या प्रत्येक उत्तराने मेकॅनिकचं बोट सर्किटच्या वेगळ्या कोपऱ्याकडे जातं, आणि त्या प्रत्येक कोपऱ्याला स्वतःचा इतिहास आहे. आपोआप बंद होणारा पडदा दर वेळी मरायला टेकलेला असतो असं नाही. पुष्कळदा त्याला बंद व्हायला शिकवलेलं असतं. ते कोणी आणि का शिकवलं, हे ठाऊक असेल तरच बिघाड सापडतो.

पहिला धडा अमेरिकेत दिला गेला, आणि तो भीतीपोटी.

रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. एवढ्या दाबाखाली धावणारे इलेक्ट्रॉन कशावर आपटले की क्ष-किरण निर्माण होतात. रोंटगेनने १८९५ मध्ये लावलेला शोध हाच. ट्यूबची काच जाड ठेवून हे किरण अडवता येतात, म्हणून कुणाला फारशी काळजी नव्हती. मे १९६७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने जाहीर केलं की तिच्या मोठ्या पडद्याच्या हजारो रंगीत संचांतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडत आहेत. दोष पिक्चर ट्यूबचा नव्हता. उच्च दाब स्थिर ठेवणारी एक रेग्युलेटर ट्यूब संचाच्या आत होती, तिच्यातून किरण तळाच्या दिशेने निसटत होते. घराघरांत पोचलेल्या वस्तूबद्दलची ही बातमी होती, त्यामुळे गदारोळ उठला. अमेरिकी काँग्रेसपुढे सुनावण्या झाल्या आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी किरणोत्सर्ग नियंत्रणाच्या कायद्यावर सही केली. संचाच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटर अंतरावर ताशी ०.५ मिलिरोंटगेनपेक्षा जास्त क्ष-किरण मिळता कामा नयेत, अशी मर्यादा आली. १९७० पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली.

या नियमाची खरी धार शेवटच्या टप्प्यात होती. आतला एखादा भाग बिघडला तरीही मर्यादा ओलांडली जाता कामा नये, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे संच नीट चालताना सुरक्षित असून भागणार नव्हतं. बिघडतानाही तो सुरक्षित राहायला हवा होता. इंजिनिअरांनी यावर एक साधा, ठाम उपाय वापरला. उच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला ईएचटी किंवा एलओटी म्हणतात त्याच्यावर, एक छोटं वेगळं वेटोळं ठेवायचं. दाब वाढला की त्या वेटोळ्यातलं व्होल्टेजही वाढतं. ठरावीक पातळी ओलांडली की एक सर्किट जागं होतं, आडवे स्कॅन करणारा ऑसिलेटर थांबवतं, आणि पडदा काळा होतो. मेन स्विच बंद करून पुन्हा लावेपर्यंत तो काळाच राहतो.

पुढे कॉम्प्युटरचे रंगीत मॉनिटर आले, त्यांच्यातही हीच राखण आली. जुन्या सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या, मॉनिटरच्या पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरांत '२१ सीएफआर सबचॅप्टर जे' असा उल्लेख असलेला स्टिकर असे. तो याच अमेरिकी नियमाचा दाखला. भारतात विकल्या गेलेल्या कितीतरी मॉनिटरवर तो होता आणि कुणी वाचत नव्हतं. पण मॉनिटर लावल्या लावल्या 'टक्क' करून बंद पडला की त्या स्टिकरमागचं सर्किट आपलं काम करत असायचं. अशा वेळी राखणदाराला दोष देण्यात अर्थ नसतो. त्याला जाग का आली, हे शोधायचं असतं. बहुतेकदा आडव्या स्कॅनच्या आउटपुट ट्रान्झिस्टरजवळचा उच्च दाबाचा एक कपॅसिटर आपली क्षमता गमावून बसलेला असे, त्यामुळे दाब उसळत असे. घाईतले लोक मात्र प्रोटेक्शनची वायर तोडून टाकत. पडदा लगेच उजळायचा, गिऱ्हाईक खूश व्हायचं, आणि ज्या धोक्यासाठी एका देशाने कायदा केला होता तो धोका घरी परत जायचा. चांगल्या मेकॅनिकची ओळख इथेच पटत असे: बिघडलेला कपॅसिटर बदलेपर्यंत तो पडदा काळाच ठेवायचा.

महाराष्ट्रात हे हात तयार झाले टीव्हीवर. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वर्षी रंग आला, आणि त्या दशकात गावोगावी टीव्ही दुरुस्तीची दुकानं उभी राहिली. कुणी आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा ट्रेड करून आलेला, कुणी उस्तादाच्या हाताखाली बसून शिकलेला. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानंतर कचेऱ्यांत पीसी दिसू लागले, तेव्हा त्यांचे मॉनिटर याच लोकांपुढे आले. त्यांच्या दृष्टीने तो ट्यूनर नसलेला टीव्हीच होता.

त्यांचं एक हत्यार इथे जवळून पाहायला हवं, कारण महागड्या उपकरणांच्या यादीत ते कधी येत नाही. एका लाकडी बोर्डावर एक होल्डर, त्यात ६० किंवा १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब आणि शेजारी एक सॉकेट. बल्ब आणि सॉकेट सिरीजमध्ये जोडलेले, म्हणून हा 'सिरीज बोर्ड'. संशयित मॉनिटर थेट २३० व्होल्टवर न लावता या सॉकेटमध्ये लावतात. बल्ब क्षणभर भपकन पेटून मंदावला, तर पॉवर सप्लायचा मुख्य फिल्टर कपॅसिटर चार्ज झाला आणि पुढे शॉर्ट नाही. बल्ब पूर्ण तेजाने पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. पण वीज बल्बने अडवल्यामुळे नव्याने बसवलेला ट्रान्झिस्टर वाचला. बल्ब लयीत मंद-तेज, मंद-तेज होत राहिला, तर सप्लाय सुरू होण्याचा प्रयत्न करतोय आणि कुणीतरी त्याला पुन्हा पुन्हा बंद करतंय. बल्बच्या त्या लयीवरून मॉनिटरच्या पोटातलं भांडण ओळखणारी माणसं होती, अजूनही आहेत. साध्या फिलामेंटचे बल्ब बाजारातून कमी होत गेले, तसे अनेकांनी त्यांचा साठा जपून ठेवला. एलईडी बल्बला हे काम जमत नाही.

दुसरा धडा सिग्नलचा. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पीसी आणला. त्याच्यासोबतचा हिरव्या अक्षरांचा ५१५१ मॉनिटर फक्त एकाच तालावर चालण्यासाठी बनवलेला होता: सेकंदाला सुमारे १८,४३२ आडव्या रेषा. चुकीच्या प्रोग्रॅमने वेगळाच ताल दिला, तर त्याचं सर्किट खरोखर जळू शकत असे. सॉफ्टवेअरने यंत्र जाळता येतं, हे अनेकांना पहिल्यांदा कळलं ते या मॉनिटरमुळे. मग एनईसीने १९८५ मध्ये वेगवेगळ्या तालांशी जुळवून घेणारा मल्टिसिंक आणला, आणि नव्वदच्या दशकात मॉनिटरच्या आत स्वतःचा मायक्रोप्रोसेसर बसला. तो येणारा सिग्नल मोजतो आणि झेपणारा नसला तर पडदा बंद करतो. 'आउट ऑफ रेंज' ही पाटी तीच. म्हणून 'विंडोज येईपर्यंत ठीक, मग काळोख' असं गिऱ्हाईक सांगे, तेव्हा मॉनिटर उघडायची गरजच नसे. कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट वाढवून ठेवलेला असे. सेफ मोडमध्ये जाऊन तो उतरवला की काम झालं. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्या-तालुक्यांत कॉम्प्युटरचे वर्ग उघडले, तेव्हा तिथल्या शिक्षकांना ही युक्ती यावीच लागे. शिकाऊ हात सगळी बटणं दाबून पाहतात, आणि पाहावीतच.

तिसरा धडा वीज वाचवण्याचा, आणि आज सर्वांत जास्त पडदे ज्या कारणाने काळे होतात ते हेच. त्याच्या आधी पडदा काळा करण्याचं कारण फॉस्फर, म्हणजे ट्यूबच्या काचेवरचा आतला चमकणारा लेप, हे होतं. एकच चित्र तासन्‌तास राहिलं की त्याचा डाग काचेवर कायमचा बसायचा, म्हणून जॉन सोचा यांनी डिसेंबर १९८३ मध्ये सॉफ्टॉक मासिकात एक छोटा प्रोग्रॅम छापला: काही मिनिटं कळफलकाला हात लागला नाही, तर पडदा रिकामा करायचा. त्यात वीज वाचत नव्हती, फक्त काच वाचत होती. १९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 'एनर्जी स्टार' योजना सुरू केली. पहिला रोख कॉम्प्युटर आणि मॉनिटरवरच होता, कारण कचेऱ्या ओस पडल्यावरही ते रात्रभर चालू राहत. एप्रिल १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारी खात्यांनी असेच कॉम्प्युटर घ्यावेत असा आदेश काढला, आणि एवढं मोठं गिऱ्हाईक मिळाल्यावर सगळे उत्पादक रांगेत आले.

पण कॉम्प्युटरने मॉनिटरला 'झोप' म्हणून सांगायचं कसं? १९९३ मध्येच 'व्हेसा' या संघटनेने डीपीएमएस हे मानक ठरवलं आणि त्यासाठी नवी तार घातली नाही. व्हीजीए केबलमध्ये चित्र जुळवणाऱ्या दोन सिंक तारा होत्याच: १३ नंबरच्या पिनवर आडवा, १४ वर उभा. दोन्ही चालू तर पडदा चालू, आडवा थांबवला की स्टँडबाय, उभा थांबवला की सस्पेंड, दोन्ही थांबवले की बंद. चार अवस्था, दोन तारा. फार सुंदर युक्ती आहे ही.

तिच्यातूनच एक नवा बिघाड जन्मला. निळ्या तोंडाची ती केबल कुणी तिरकी दाबून बसवली आणि १३ नंबरची पिन वाकली, तर मॉनिटरला वाटणार की कॉम्प्युटरने झोपायला सांगितलंय. तो आज्ञाधारकपणे झोपणार. पुढचा दिवा हिरव्याचा नारिंगी होणार. टेबल हललं की जागा होणार, पुन्हा झोपणार. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात असे कित्येक मॉनिटर रिक्षातून दुकानात आले आणि चिमट्याने एक पिन सरळ करून परत गेले. तेव्हापासून मेकॅनिकची पहिली चाचणी ठरून गेली: केबल कॉम्प्युटरकडून काढायची आणि मॉनिटर नुसता विजेवर लावायचा. 'सिग्नल नाही' अशी पाटी पडद्यावर फिरू लागली तर मॉनिटर जिवंत आहे, दोष पलीकडे आहे. पाटी यायच्या आतच काळोख झाला, तर मॉनिटर उघडायचा.

२००० नंतर सपाट एलसीडी पडदे आले आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी 'दोन सेकंदांत' हे उत्तर येऊ लागलं. इतक्या अचूक वेळेचं कारण पडद्याच्या मागच्या उजेडात होतं. एलईडी येण्याआधी हा उजेड सीसीएफएल नळ्या देत: पेन्सिलीहूनही बारीक, पाऱ्याच्या वाफेच्या, पडद्याच्या वर-खाली बसवलेल्या. त्यांना पेटवायला हजार व्होल्टच्या वर दाब लागे, तो इन्व्हर्टर नावाचं छोटं सर्किट तयार करी. नळी तडकली किंवा टोकाचं सोल्डरिंग सुटलं, तर तो दाब मोकळ्या टोकाशी ठिणग्या पाडून आग लावू शकतो. म्हणून इन्व्हर्टरची चिप प्रत्येक नळीतून प्रवाह जातो की नाही ते पाहते आणि एक जरी नळी उत्तर देईनाशी झाली तरी सेकंद-दोन सेकंदांत सगळ्या विझवते. चित्र मात्र काचेवर तसंच असतं! खोलीतले दिवे घालवायचे, टॉर्च पडद्याला तिरकी लावायची. डेस्कटॉपवरची चिन्हं अंधुक दिसतात, माउसचा बाणही हलताना दिसतो. मॉनिटर गेला म्हणून शोक करणाऱ्या गिऱ्हाइकाला टॉर्चच्या उजेडात त्याचीच फाइल दाखवणं, यात त्या काळातल्या मेकॅनिकना मोठा आनंद वाटत असे, आणि तो योग्यच होता.

याच वर्षांत जगभरच्या इलेक्ट्रॉनिक्सवर कपॅसिटरची साथ आली. हा भाग दिसायला फार साधा: अॅल्युमिनियमचा छोटा डबा, आत अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि ओला इलेक्ट्रोलाइट. हा इलेक्ट्रोलाइट स्वस्त आणि कार्यक्षम करण्यासाठी त्यातलं पाण्याचं प्रमाण वाढवलं गेलं. पण पाणी अॅल्युमिनियमला खातं. त्याला रोखणारी रसायनं मिश्रणात हवीत. १९९९ च्या सुमारापासून तैवानमध्ये बनलेल्या काही कपॅसिटरमध्ये ती पुरेशी नव्हती. आत हायड्रोजन वायू साठायचा, डब्याचा सपाट माथा फुगायचा, फुलीसारखी खाच फाटून तपकिरी रस बाहेर यायचा. २००२ मध्ये व्यापारी नियतकालिकांत एक कथा छापून आली की एका जपानी कंपनीचं सूत्र चोरीला गेलं आणि चोरलेलं सूत्र अर्धवट होतं. कथा गाजली, पण ती पुराव्यानिशी कधी सिद्ध झाली नाही. नुकसान मात्र खरं होतं: डेलने २००५ मध्ये अशा बिघडलेल्या कॉम्प्युटरपोटी ३० कोटी डॉलर हिशेबात बाजूला काढले. सॅमसंगच्या टीव्हींमध्येही असाच दोष निघाला. लावताना 'टिक-टिक' करत चालू-बंद होणाऱ्या संचांबद्दल २०१२ मध्ये अमेरिकेत तडजोड होऊन कंपनीने मोफत दुरुस्तीची जबाबदारी घेतली.

मॉनिटरमध्ये या साथीची लक्षणं ठरलेली होती. पॉवर सप्लायचा कपॅसिटर कमजोर झाला की पडदा उजळताना लागणारा जोर त्याला पेलत नाही, व्होल्टेज कोसळतं, मॉनिटर बंद. थंडीत इलेक्ट्रोलाइटचा अंतर्गत रोध आणखी वाढतो, म्हणून सकाळी चार-पाच प्रयत्न लागतात. आतला भाग थोडा गरम झाला की मॉनिटर टिकतो. नाशिकच्या जानेवारीत हा दोष ठळक दिसतो, नागपूरच्या मे महिन्यात लपून बसतो. पण कपॅसिटर मरतो तो उन्हाळ्यातच. नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना २,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांत राहिला तर ३२,००० तास टिकावा. ७५ अंशांत गेला की १६,०००. रोज आठ तास चालणाऱ्या मॉनिटरसाठी हा अकरा वर्षं आणि साडेपाच वर्षं इतका फरक आहे. भिंतीला चिकटवून, वरच्या जाळीवर कापड टाकून ठेवलेला मॉनिटर लवकर का जातो, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे.

न फुगता मेलेला कपॅसिटर ओळखणं हे त्याहून अवघड. साध्या मीटरवर क्षमता बरोबर दिसते, दोष अंतर्गत रोधात असतो. ऑस्ट्रेलियातले तंत्रज्ञ बॉब पार्कर यांनी १९९६ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स ऑस्ट्रेलिया' मासिकात हा रोध भाग न काढता मोजणाऱ्या ईएसआर मीटरचा आराखडा छापला आणि तो जगभरच्या दुरुस्तीवाल्यांच्या हाती गेला. ज्यांच्याकडे मीटर नव्हता ते संशयित कपॅसिटरला हेअर ड्रायरने गरम करून पाहत. मॉनिटर चालू राहिला की चोर सापडला.

'तापला की बंद' या तक्रारीचा इतिहास छोटा आहे: ड्राय सोल्डर. तापल्याने भाग प्रसरण पावतो आणि सोल्डरचा केसाएवढा तडा उघडतो. जुलै २००६ पासून युरोपने शिशाच्या सोल्डरवर बंदी आणली, जग शिसेमुक्त सोल्डरकडे वळलं आणि हे तडे ओळखण्यासाठी मेकॅनिकना आपली नजर नव्याने घडवावी लागली. उपाय तोच राहिला: भिंगाखाली सांधा पाहायचा, पुन्हा सोल्डर मारायचं.

आताच्या मॉनिटरमध्ये कारण बऱ्याचदा मॉनिटरच्या बाहेर असतं. अॅपलसोबत विकला जाणारा एलजीचा ५के मॉनिटर वायफाय राउटरच्या जवळ ठेवला की अडखळायचा. आतलं आवरण अपुरं होतं, हे कंपनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये मान्य केलं आणि नव्या संचांत ते वाढवलं. त्याहून चमत्कारिक उदाहरण खुर्चीचं आहे. गॅस-लिफ्टच्या खुर्चीवरून माणूस उठला किंवा बसला की स्थिर विजेचा स्पंद उठतो, केबल तो पकडते आणि पडदा क्षणभर काळा होतो. डिस्प्लेलिंक कंपनीने हे कारण ग्राहकांना अधिकृतपणे सांगितलं आहे. 'किती वेळाने?' या प्रश्नाला इथे 'मी उठलो की' असं उत्तर येतं. जो मेकॅनिक ते हसण्यावारी न नेता नीट ऐकून घेतो, तोच हा बिघाड पकडू शकतो.

हे सगळं ज्ञान मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही. ते बोटांत आणि दुकानातल्या बोलण्यात राहिलं. दुकान बंद झालं की तेही गेलं. हे मोठं नुकसान आहे. शिवाय दुरुस्तीची जागा बोर्ड बदलण्याने घेतली आहे, आणि पाच-दहा रुपयांच्या कपॅसिटरसाठी हजारोंचा बोर्ड विकत घ्यावा लागतो. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपन्यांच्या दुरुस्तीची माहिती एकत्र देणारं पोर्टल सुरू केलं; ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तू त्याच्या चार क्षेत्रांपैकी एक आहेत. युरोपीय संघाचा नियम याच्या बराच पुढे आहे. मार्च २०२१ पासून तिथे मॉनिटर आणि टीव्ही विकणाऱ्याला त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षं सुटे भाग व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना द्यावे लागतात. त्या भागांच्या यादीत पॉवर सप्लाय आणि कनेक्टर यांच्यासोबत कपॅसिटरचाही नावानिशी उल्लेख आहे.